गेनबा मिस्त्रीच्या भिंतीतली वाट

शहराच्या पूर्वेला, जुना जकात नाका ओलांडून मैलभर गेले की गवंडीनगर लागते. सहा ओळी, ओळीत नऊ घरे. घरे साधी, तीन-तीन खोल्यांची. पण घराभोवतीची भिंत पाहून माणूस थांबतो. कुठे घडीव दगड, कुठे उघड्या विटांची नक्षी, कुठे वरच्या थराला कमानी. असले काम शहरात मोठ्या बंगल्यांना असते. ते बंगले ज्यांनी बांधले, त्यांचीच ही वसाहत.

आणखी थोडा वेळ पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. दोन घरांमधल्या प्रत्येक भिंतीत, मागे परसाच्या बाजूला, एक वाट आहे. रुंदी दीड हात. तिला दार नाही, चौकट नाही. कडेच्या विटा तुटलेल्या आहेत आणि तशाच ठेवलेल्या आहेत. नवी भिंत बांधली तरी मिस्त्री तेवढी जागा आधी पक्की बांधतो आणि मग हातोड्याने फोडतो.

इथे एक रीतही आहे. भिंतीत खिळा ठोकायचा असला तर आधी शेजाऱ्याला हाक मारायची. "खिळा ठोकतोय हो." शेजाऱ्याने म्हणायचे, "ठोका." मग हातोडा उचलायचा. हाक न मारता भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला, तर ऐकणाऱ्याने हातातले काम टाकून त्या वाटेने पलीकडे जायचे आणि माणूस डोळ्यांनी बघायचा. चुलीवर दूध असले तरी.

बाहेरची माणसे याला हसतात. जागा बघायला येणारे हमखास विचारतात, ही वाट बुजवता येईल का. त्यांना तिसऱ्या ओळीत, सातव्या घरात, नारबा मिस्त्रींकडे पाठवतात. नारबांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. ते खुर्ची देत नाहीत. पाहुण्याला पाचव्या आणि सहाव्या घरांमधल्या भिंतीपाशी नेऊन उभे करतात आणि उभ्यानेच सांगतात.

असे सांगतात की इथे आधी नुसता खडकाळ माळ होता. गवंड्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधली आणि स्वतः पत्र्याखाली राहिले. मग सर्वांनी मिळून हा माळ घेतला आणि चुन्याच्या रेघा मारून जागा वाटून घेतल्या. पहिली पाच-सहा वर्षे भिंत कुणाचीच नव्हती. पहिल्या ओळीत कुणी शिंकले तर तिसऱ्या ओळीत कळत असे. एका घरची वाळवणे दुसऱ्याच्या बाजेवर असत आणि कोंबड्या कुणाच्या ते कोंबड्यांनाच ठाऊक.

त्या वेळी गेनबा आणि हैबती अशी दोघांची जोडी होती. दगडी भिंतीला दोन तोंडे असतात. एक गवंडी बाहेरचे तोंड लावतो, दुसरा आतले. दोघे समोरासमोर उभे राहतात आणि भिंत दोघांच्या मधे वर येते. आधी एकमेकांचे पाय दिसेनासे होतात, मग छाती, मग नुसती टोपी, मग तीही नाही. तिथून पुढे आवाजावर काम चालते. एकाचा थर पुरा झाला की त्याने थापीच्या पाठीने दगडावर तीनदा ठोकायचे. दुसऱ्याचा पुरा झाला की त्याने तीनदा उत्तर द्यायचे. मग दोघांनी एकदमच पुढच्या थराची दोरी वर उचलायची. गेनबा आणि हैबती बावीस वर्षे असे काम करत होते. त्यांच्या भिंतीला ओळंबा लावला तर केसाचाही फरक निघत नसे, म्हणे.

हैबती बोलका होता. तो लोकांना सांगे, "गेन्याचं तोंड दिसेना झालं की माझा हात भराभर चालतो." गेनबा हसत नसे. तो फार हसणारा माणूस नव्हताच. पण दुसऱ्या कुणाबरोबर त्याने कधी भिंत लावली नाही.

मग वसाहतीत पहिली भिंत उठली. कुणी उठवली याला आता महत्त्व नाही. एकाने सहा फूट घातली, शेजाऱ्याने सात. जो तो आपल्या हाताचे काम दाखवू लागला. गवंड्याला दुसरे दाखवायला काय असते? वर्षभरात वाळवणे ज्याच्या त्याच्या परसात गेली. बायका पाण्याला जाताना भेटत, तेवढ्याच. कुणाच्या घरी पाहुणा आला, कोण आजारी पडले, हे चार दिवसांनी कळू लागले. भिंती फार देखण्या झाल्या होत्या. रविवारी शहरातून लोक बघायला येत.

गेनबा पाचव्या घरात, हैबती सहाव्यात. दोघांच्या मधे भिंत नव्हती. शेवटी हैबतीच म्हणाला, "सगळ्यांनी घातल्या. आपण घातली नाही तर लोक म्हणतील, यांना येत नाही. तू तुझ्या बाजूनं, मी माझ्या. नऊ इंची, विटांची. निम्मी तुझ्या जागेत, निम्मी माझ्या."

गेनबाने दोरी धरली. वसाहतीतली दहा-वीस माणसे बघायला जमली होती. हैबतीने टेप लावला आणि पाहिले. दोरी चार बोटे त्याच्या जागेत आली होती. माळावरची खुंटी सरकली होती की गेनबाची नजर, ते आता कुणाला सांगता येत नाही. हैबती सवयीने थट्टेने बोलला.

"गेन्याची दोरी बावीस वर्षांत चुकली नाही. घरची भिंत म्हटल्यावर बरी चुकली."

लोक हसले. हैबतीही हसला. गेनबाने दोरी गुंडाळून खिशात घातली.

"मी जागा चोरली म्हणतोस?"

"अरे, चार बोटं रे. मी आपला..."

"चोर म्हणालास."

गेनबाने पिशवीतून ओळंबा काढला. गवंडी ओळंब्याची शपथ घेतो ती मोडत नाही. शपथ मोडणाऱ्याच्या हाताखालची भिंत सरळ उठत नाही, अशी समजूत आहे. ओळंबा मुठीत धरून त्याने सर्वांसमोर सांगितले, "ह्याच्या उंबऱ्यावर माझ्या घरचं कुणी पाऊल टाकणार नाही. ह्याच्या परसात नजर टाकणार नाही. भिंत मी बांधतो. पुरी नऊ इंच माझ्या जागेत. दोन्ही तोंडं मीच लावतो."

हैबतीने त्याच दिवशी दोनदा हाक मारली, "गेन्या, ऐक की." तिसऱ्यांदा मारली नाही. तोही गवंडीच होता.

गेनबाने महिनाभरात भिंत उभी केली. सात फूट, वर काचा. एकट्याने, आपल्याच बाजूला उभे राहून. पलीकडचे तोंड दिसत नव्हते. वाकून, हात लांब करून, विटांच्या सांध्यात अंदाजाने माल भरला. खाली उतरला तेव्हा बायको हौसाबाई म्हणाली, "चांगली झाली. आता ऊन येणार नाही आपल्याकडं." गेनबा म्हणाला, "ऊन नकोच होतं."

यानंतर दोन वर्षे गेली. हैबतीच्या परसाला आता तिन्ही बाजूंनी भिंती होत्या. एक गेनबाची, एक दुसऱ्या शेजाऱ्याची, एक मागच्या ओळीतल्याची. तिन्ही उंच आणि तिन्ही भरीव. दोघे वेगवेगळ्या कामांवर जात. रस्त्यात समोर आले तर गेनबा चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचा.

चैत्राचे दिवस होते. हैबतीची बायको भागूबाई मुलीच्या बाळंतपणाला गावी गेली होती. हैबतीही गेला असेल, असे लोक धरून चालले होते. मंगळवारी दुपारी गेनबा जेवून पडला होता. भिंतीच्या पलीकडून आवाज आला. टक, टक, टक, टक.

गेनबा उठून बसला. थापीच्या पाठीचा आवाज त्याने लगेच ओळखला. विटेवर ठोकत होते.

दुसऱ्याच्या भिंतीवर थापी वाजवणे गवंड्यात वाईट समजतात. भिंत पोकळ आहे का, माल नीट बसला आहे का, हे पाहायला ठोकतात. मालकाने ठोकले तर चालते. गवंड्याने गवंड्याच्या भिंतीवर ठोकले तर ती उघड बेअब्रू असते. गेनबाच्या अंगाची आग झाली. पण त्याहून वाईट दुसरेच होते. त्याने कान दिला आणि त्याच्या लक्षात आले की आवाज भरीव नाही. ठोकलेली वीट पोकळ वाजत होती. खाली, जमिनीपासून हातभर वर, पलीकडच्या तोंडाला, जिथे त्याचा हात पोचला नव्हता तिथे, एका विटेमागे माल बसला नव्हता. ती वीट त्याला सापडली होती. हैबतीला.

"काय वाजतंय?" हौसाबाईने विचारले.

"काही नाही."

"भावजी गावी गेले होते ना? बाज उभी करून बघू का वरून?"

"परसात नजर टाकायची नाही. शपथ माहीत आहे ना?"

"शपथ तुमची."

"घराची आहे."

आवाज थांबत होता आणि पुन्हा येत होता. गेनबाने ओळखले की हा आता रोज ठोकणार, चार लोकांना बोलावून ऐकवणार. गेनबाची भिंत पोकळ आहे, हे सबंध शहरात होणार. बावीस वर्षांचे नाव एका विटेपायी जाणार. संध्याकाळी दिवेलागणीला आवाज बंद झाला. गेनबाने जेवताना भाकरी अर्धी टाकली.

बुधवारी सकाळी आवाज पुन्हा सुरू झाला. कालच्यापेक्षा बारीक होता. हौसाबाई नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. गेनबा पिशवी उचलून कामावर निघून गेला. असे सांगतात की त्या दिवशी त्याने लावलेल्या भिंतीला ओळंबा लावला तर ती दोन बोटे बाहेर निघाली. आयुष्यात पहिल्यांदा. मुकादम बघत होता, पण बोलायची त्याची छाती झाली नाही. गेनबाने स्वतःच्या हाताने सगळा थर पाडला आणि दुपारीच घरी आला.

घरात येऊन तो त्या भिंतीपाशी बसला. पाठ टेकली नाही. ऊन डोक्यावर होते. खूप वेळाने आवाज आला.

टक. टक. टक.

मग काही नाही.

गेनबाने वाट पाहिली. पुन्हा तीन. पुन्हा थांबले.

पोकळ वीट शोधणारा माणूस असा थांबत नाही. तो ठोकत पुढे सरकतो. कालपासून हा आवाज एकाच विटेवर होता, जागचा हलला नव्हता. आणि तीन वेळा ठोकून थांबतो तो उत्तरासाठी थांबतो. बावीस वर्षांत गेनबाने ते उत्तर कधी चुकवले नव्हते. आज दोन दिवस तो ऐकत बसला होता.

त्याने हातातल्या थापीने भिंतीवर तीनदा ठोकले. पलीकडून लगेच तीन आले. घाईघाईने, वेडेवाकडे.

गेनबा ओरडला, "हौसे, लोकांना हाक मार. पुढचं दार तोडा म्हणावं." हौसाबाई धावली. दार सागवानी होते, आतून कडी होती. लोक लाथा मारत होते तरी ते हलत नव्हते. हैबतीने स्वतः बसवलेले दार होते.

गेनबा दारातून जाऊ शकत नव्हता. उंबऱ्याची शपथ होती, आणि भिंतीवरून जायला वर त्यानेच लावलेल्या काचा होत्या; परसाची शपथ मोडली तर मोडली. त्याने पहार घेतली आणि स्वतःची भिंत फोडायला सुरुवात केली. म्हणे, पहिला घाव बरोबर त्या विटेवर बसला, नजरेला काही दिसत नसताना. बाकीची भिंत इतकी पक्की होती की एकेका विटेला सात-सात घाव घालावे लागले. गेनबा रडत नव्हता. शिव्या देत होता. हैबतीला नव्हे, भिंतीला.

दीड हात वाट झाली तेव्हा तो आत शिरला.

हैबती भिंतीच्या कडेला पडला होता. मोरीची कड दुरुस्त करायला थापी घेऊन मंगळवारी बाहेर आला आणि अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताने थापी धरून सरपटत तो भिंतीपर्यंत आला होता. आणि गवंडी असल्यामुळे त्याने सगळ्या भिंतीतून नेमकी तीच वीट शोधली होती. पोकळ विटेचा आवाज लांब जातो. ती वीट भरीव असती तर गेनबाला काहीच ऐकू आले नसते. आणि समोरच्या तोंडाला हैबती उभा असता तर ती वीट पोकळ राहिलीच नसती.

त्याला त्या वाटेनेच गेनबाच्या घरात आणले. डॉक्टर आले. म्हणाले, "काल आणलं असतं तर..." चौथ्या दिवशी भागूबाई गावाहून आली. तिने नवऱ्याच्या अंगावरून हात फिरवला आणि मग गेनबाकडे वळली.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

गेनबा म्हणाला, "येत होतं."

गेनबाने खोटे सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला असता, असे जुन्या बायका अजून म्हणतात.

हैबती नऊ दिवस जगला. गेनबा कामावर गेला नाही. पेज भरवायचा, कूस बदलायचा. बोलायला दोघांनाही येत नव्हते. एकाची वाचा गेली होती, दुसऱ्याची असून उपयोग नव्हता. नवव्या दिवशी सकाळी हैबतीने डाव्या हाताच्या बोटाने बाजेच्या लाकडी गातावर तीनदा ठोकले आणि थांबला. गेनबाने तीनदा उत्तर दिले. ते ऐकून हैबतीने प्राण सोडला, असे सांगतात.

तेराव्यानंतर गेनबा पहार घेऊन निघाला. प्रत्येक घरापुढे उभे राहून त्याने एकच सांगितले. "तुझ्या भिंतीत वाट पाडतो. नको असेल तर आत्ता बोल." बहुतेक जण बाजूला झाले. एकजण म्हणाला, "माझी भिंत भरीव आहे, मिस्त्री. एक वीट पोकळ काढून दाखव." गेनबा म्हणाला, "म्हणून तर." आणि पहिला घाव घातला. पावसाळ्यापर्यंत सगळ्या भिंती झाल्या. खिळ्याची रीत त्याच वर्षीची.

गेनबाने पुन्हा कधी भिंत लावली नाही. त्याचा ओळंबा त्याने त्या वाटेच्या वरच्या विटेला टांगला. तो मेल्यावर जावयाने वाट बुजवायला घेतली. सकाळी बघतात तर विटा सुट्या होऊन खाली. तीनदा बुजवली, तीनदा पडली. काहीजण म्हणतात, हैबतीने ढकलली. काही म्हणतात, बांधणारा इथलाच मिस्त्री होता आणि त्याने माल मुद्दाम हलका कालवला. तो मिस्त्री मरेपर्यंत यावर बोलला नाही.

इतके झाल्यावर नारबा थांबतात. पाहुणा निघायच्या बेतात असतो. तेव्हा ते काठीने सहाव्या घराच्या पलीकडची भिंत दाखवतात.

"ही दुसऱ्या शेजाऱ्याची. सात फूट. ही मी बांधली. दोन दिवस मलाही ऐकू येत होतं. मला वाटलं, हैबती काहीतरी दुरुस्त करतोय."

बाकी सगळ्या गोष्टीत नारबा 'म्हणे' लावतात. या वाक्याला लावत नाहीत.

मग पाहुणा जागेविषयी विचारतोच. नारबा सांगतात, "घ्या की. वाट बुजवायची तर बुजवा. मिस्त्री मात्र बाहेरून आणावा लागेल. इथला कुणी हात लावणार नाही."

आता वसाहतीत निम्मे लोक नवे आहेत. पोरे पुण्याला, कुणी परदेशात. कुणी त्या वाटेत कपडे धुण्याचे यंत्र लावले आहे, कुणी जाळीचे दार बसवले आहे, कुणी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. हाक मारण्याची रीत सगळ्यांना ठाऊक नाही. ते मशिनने भिंतीला भोक पाडतात आणि दोन-दोन तास आवाज चालू असतो.

आजही असा आवाज आला की नारबा मिस्त्री काठी घेऊन उठतात. वाटेतून वाटेत, कुंड्या सरकवत, जाळीचे दार वाजवत, आवाज असेल त्या घरापर्यंत जातात आणि परसात उभे राहतात. घरातले मशिन बंद करून बाहेर येतात आणि विचारतात, काय पाहिजे, आजोबा. नारबा त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतात.

"काही नाही," म्हणतात. "चालू द्या."

आणि आले त्या वाटेने परत जातात.